पानगळीचा पाला आणि अंगणातील हिरवळ : वाचकांचे प्रश्न

फाल्गुन लागला की या सदराच्या टपालात पानगळीविषयीची पत्रे वाढतात, आणि या वर्षी तर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे त्याच एका विषयावर आहेत. लॉनवर पडलेल्या पाल्यावरून गवत कापण्याचे यंत्र फिरवून तो तिथेच जिरवावा की नाही, असे अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे त्याच्याकडे होतो, तेव्हा त्याने घरासमोर पडलेली मॅपलची पाने गोळा न करता त्यांच्यावरूनच मोवर फिरवला आणि पानांचा भुगा गवतात तसाच राहू दिला. इथे आमच्या अंगणात तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अशी दुबेची हिरवळ आहे, कडेला एक बदाम, दोन कडुनिंब आणि कुंपणालगत शिरीष आहे. मालीभैया रोज पाला झाडून पोत्यांत भरतात आणि कचरागाडीत देतात. मुलाने केले तसे आम्ही इथे केले तर चालेल का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : अवश्य चालेल, परंतु मुलाने जे केले ते जसेच्या तसे इथे उतरवू नये, कारण त्याची पानगळ आणि आपली पानगळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या उत्तर भागातील अंगणांत केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, राय अशी थंड हवेची गवते असतात. ती भर उन्हाळ्यात सुस्तावतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा गार झाली की पुन्हा जोमाने वाढू लागतात. नेमकी त्याच वेळी तिथे पाने गळतात, जमिनीत ओल असते, गांडुळे जागी असतात, आणि पुढे बर्फ पडून वितळेपर्यंत त्या भुग्याचे बरेचसे विघटन झालेले असते. पाने अखंड राहिली तर मात्र ओली होऊन एकमेकांना चिकटतात, बर्फाखाली त्यांची चटई होते आणि तिच्याखाली गवत कुजते; म्हणून तिथे एक तर पाने उचलावी लागतात, नाही तर कापावी लागतात. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतील हिरवळीच्या अभ्यासकांनी मॅपल आणि ओक यांची पाने हिरवळीत कापून घालण्याचे प्रयोग अनेक वर्षे केले. त्यांत गवताला अपाय झाला नाही, उलट डँडेलियनसारखी तणे कमी झाल्याचे त्यांना दिसले.

आपल्या माळव्यात पाने गळतात ती माघ, फाल्गुन आणि चैत्रात. शिरीष सर्वांत आधी मोकळा होतो आणि वाळक्या शेंगा वाजवत उभा राहतो, बदामाची पाने तांबडी होऊन पडतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब एका आठवड्यात अंगण पिवळे करून टाकतो. आपली दूब, म्हणजेच हरळी, उष्ण हवेचे गवत आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती पिंगट होऊन निजलेली असते आणि पाने गळतात तेव्हा नुकती जागी होत असते. पुढे पाऊस जूनच्या मध्यापर्यंत नाही, एप्रिल-मे कडक उन्हाचे, आणि काळी माती कोरडी पडली की भेगाळते. गांडुळे या दिवसांत खोल गेलेली असतात. त्यामुळे इथे मार्चमध्ये कापलेल्या पानांचे मार्च-एप्रिलमध्ये खत होईल, अशी अपेक्षा धरू नये. आपल्याकडे तो भुगा आधी तीन महिने आच्छादनाचे काम करतो, गवताच्या बुडाशी सावली धरतो, मातीतून उडून जाणारी ओल थोपवतो, आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की काही आठवड्यांत दिसेनासा होतो. ज्या उन्हाळ्यात नर्मदेचे पाणी दिवसाआड येते आणि बोअरिंग खोल जाते, त्या उन्हाळ्यात आच्छादनाचा हा लाभ खतापेक्षाही मोठा आहे, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी लिहितो. सकाळी दव सुकल्यावर, साधारण दहा-साडेदहाला, बदामाचे एक पान मुठीत धरून चुरगाळून पाहावे. ते कुरकुरत तुटले तर मोवर काढावा, नुसते दुमडले तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे, कारण दमट पान कापले न जाता पात्याखाली लगद्यासारखे बसते. त्याआधी हिरवळीवरून एक फेरी पायी घालून काटक्या, खडे आणि शिरीषाच्या शेंगा उचलाव्यात. शेंगा कापल्या गेल्या तरी त्यांतील कठीण बिया शाबूत राहतात आणि पावसाळ्यात हिरवळभर शिरीषाची रोपे उगवतात. दिवाळीतील फुलबाज्यांच्या तारा आणि संक्रांतीचा मांजा यांचा शोध डोळ्यांनी नव्हे, हाताने घ्यावा. मागच्या वर्षी अशी एक तार माझ्या मोवरच्या पात्याला लागून कुंपणाच्या पत्र्यावर गोळीसारखी आदळली. त्या दिवसापासून मी पाचोळ्यातून दाताळे फिरवल्याशिवाय यंत्र सुरू करत नाही, आणि ते चालू असताना लहान मुलांना अंगणात येऊ देत नाही.

मोवरची उंची सर्वांत वरच्या खाचेत ठेवावी. पाला बाहेर फेकण्याचे तोंड बंद करण्याची झडप असेल तर ती लावावी, म्हणजे पाने आतल्या आत पुनःपुन्हा कापली जातात. एकदा लांबीने आणि एकदा रुंदीने, असे दोनदा सावकाश फिरवावे. तुकडे नखाएवढे झाले की पुरे. त्यानंतर खराटा अगदी हलक्या हाताने फिरवला की तुकडे गवताच्या पात्यांमधून खाली मातीपर्यंत जातात, आणि शेवटी झारीने किंवा पाइपने पाणी दिले की ते वाऱ्याने उडत नाहीत. किती पाला एका वेळी जिरवावा, याची खूण सोपी आहे. उभे राहून सरळ खाली पाहावे. निम्म्याहून अधिक गवत हिरवे दिसत असेल तर प्रमाण योग्य आहे; भुग्याचाच रंग अधिक दिसत असेल तर वरचा थर उचलून फुलझाडांच्या वाफ्यात टाकावा. बदामाचा सगळा पाला एका रविवारी संपवण्यापेक्षा दर आठवड्याला थोडा थोडा कापणे केव्हाही चांगले.

आपल्या झाडांपैकी कडुनिंबाच्या पानांना यंत्राची गरजही नाही. ती इतकी बारीक असतात की खराटा फिरवला की आपोआप गवतात उतरतात. बदामाचे वीतभर लांब, जाड पान मात्र अखंड राहू दिले तर त्याच्याखालचे गवत आठवड्याभरात पिवळे पडते; पान उचलून पाहिल्यास त्याच्याच आकाराचा फिकट ठसा हिरवळीवर दिसतो.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळची, हाताने ढकलायची, गोल रोलरची गवत कापण्याची मशीन आहे. तिने पाने कापली जातील का? नवी विजेची मशीन घेणे आवश्यक आहे का? (एक वाचिका, रामबाग, इंदूर)

उत्तर : त्या यंत्राने पाने कापली जाणार नाहीत, परंतु त्यासाठी ते यंत्र काढून टाकण्याचेही कारण नाही. गवत कापण्याचे पहिले यंत्र 1830 साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी बनवले. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणारे फिरते नळकांडे पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती, आणि आपले रोलरचे यंत्र त्याच घराण्यातील आहे. त्याची गोल फिरणारी पाती खालच्या स्थिर पट्टीवर घासून कात्रीसारखी चालतात. उभे गवत त्या कात्रीत नीट सापडते, पण आडवे पडलेले पान एक तर खालून निसटते, नाही तर पात्यांत अडकून यंत्र अडवते. गवत कापण्याच्या बाबतीत मात्र तेच यंत्र सरस आहे, कारण त्याचा काप स्वच्छ असतो आणि गवताची टोके फाटून पांढरी पडत नाहीत.

पाने कापण्यासाठी ज्या यंत्राच्या झाकणाखाली पंख्यासारखे आडवे पाते फिरते, तसा रोटरी मोवर लागतो. त्याचे पाते फिरताना हवा वर ओढते, तिच्याबरोबर पान उचलले जाते आणि खाली पडेपर्यंत अनेकदा कापले जाते. आपल्या अंगणाएवढ्या हिरवळीसाठी साध्या विजेच्या मोवरवर काम भागते. विजेचा मोवर वापरणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. त्याची तार नेहमी खांद्यावरून मागे सोडावी, पायांत बंद बूट असावेत, आणि ज्या बोर्डावर तो लावायचा तिथे वीज गळताच प्रवाह तोडणारे 30 मिलिअँपिअरचे गळती-रोधक स्विच बसवून घ्यावे. पात्यात अडकलेले काढताना नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग बोर्डातून काढून, तो हातात घेऊनच यंत्र उलटे करावे. धूळ पुष्कळ उडते, म्हणून नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि घरात कोणाला दम्याचा त्रास असेल तर त्या वेळी खिडक्या लावून घ्याव्यात.

मोवर घ्यायचा नसेल तर आणखी एक जुना उपाय आहे. पूर्ण वाळलेली पाने तागाच्या पोत्यात निम्मी भरून तोंड बांधावे, पोते फरशीवर आडवे टाकावे आणि नातवंडांना त्यावर नाचू द्यावे. पाच मिनिटांत पानांचा चुरा होतो. पोते उघडले की भाजलेल्या चण्याच्या टरफलांसारखा जो हलका, तपकिरी चुरा निघतो, तो मुठीने हिरवळीवर विखरून टाकता येतो.

प्रश्न : मागच्या वर्षी मी एका व्हिडिओत पाहून मार्चमध्ये हिरवळीवरच पाने कापली. महिन्याभरात गवत पिवळे पडले, काही ठिकाणी तर वाळलेच. शेजारच्या काकू म्हणतात की कडुनिंबाच्या कडूपणाने गवत मेले, दीर म्हणतात की पानांमुळे माती आंबट झाली, आणि मालीभैयांच्या मते दीमक, म्हणजे वाळवी, लागली. खरे काय समजावे? (एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेली दोन छायाचित्रे मी नीट पाहिली आणि माझ्या मते तिथे एक नव्हे, दोन कारणे एकत्र आली आहेत. त्याआधी काकूंची आणि दिरांची शंका दूर करतो. कडुनिंबाच्या पानांनी दूब मरत नाही. आपल्याकडे कडुनिंबाखालीच दूब वर्षानुवर्षे उभी असते, आणि तिथे ती विरळ दिसते ती सावलीमुळे. कडुनिंबाच्या बियांच्या तेलात मातीतील नत्राचे रूपांतर मंदावण्याचा गुण आहे, म्हणूनच 2015 पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे बंधनकारक झाले. हा गुण गवताच्या हिताचाच आहे. माती आंबट होण्याची भीतीही माळव्यात नको. आपली काळी माती मुळात अल्कधर्मी आहे आणि तिच्यात चुन्याचे खडे असतात. दोन-चार पोती पानांनी तिचा सामू हलत नाही.

आता पिवळेपणाकडे वळू. पहिल्या छायाचित्रातील हिरवळ सगळीकडे सारखीच फिकट आहे आणि जुनी, खालची पाती आधी पिवळी पडलेली दिसतात. ही नत्राच्या कमतरतेची खूण आहे. वाळक्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र थोडे असते. ढोबळ मानाने एका भाग नत्रामागे चाळीस ते ऐंशी भाग कर्ब. पाने कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना मात्र पंचवीस-तीसास एक असे प्रमाण लागते, आणि जे नत्र पानांत मिळत नाही ते ते मातीतून उचलतात. आपण पाणी नियमित देत होता, त्यामुळे ते जीव कामाला लागले, परंतु नुकत्याच जाग्या झालेल्या दुबेच्या वाट्याचे नत्रही त्यांनी काही काळ स्वतःकडे ठेवले. पानांचे खत झाले की ते नत्र मातीला परत मिळते. मधल्या काळाची सोय मात्र आपण करावी लागते.

त्याचा उपाय असा. पाने कापल्यानंतर दर चौरस मीटरला सुमारे 10 ग्रॅम युरिया, तोही निम्मा आता आणि निम्मा तीन आठवड्यांनी, असा द्यावा. युरियात 46 टक्के नत्र असते, त्यामुळे एवढे पुरते. वर ज्यांचे पत्र आहे त्यांच्या तीस बाय वीस फुटांच्या हिरवळीला, म्हणजे सुमारे 56 चौरस मीटरला, दोन्ही मिळून साधारण 560 ग्रॅम लागतील. तो संध्याकाळी, गवत कोरडे असताना, मूठभर कोरड्या मातीत मिसळून फेकावा आणि लगेच भरपूर पाणी द्यावे, अन्यथा गवताची टोके करपतात. भर मे महिन्यात युरियाला हात लावू नये. ज्यांना रासायनिक खत नको असेल त्यांनी चाळलेले गांडूळखत पसरावे किंवा दहापट पाण्यात गोमूत्र मिसळून झारीने द्यावे. सगळ्यांत सोपी गोष्ट अशी की उन्हाळ्यात कापलेले हिरवे गवतही उचलू नये. कोवळ्या गवतात नत्र पुष्कळ असते, आणि वाळके पान आणि हिरवे गवत एकत्र पडले की एकाची उणीव दुसरे भरून काढते.

दुसऱ्या छायाचित्रातील गोष्ट निराळी आहे. तिथे थाळीएवढे वाळलेले डाग आहेत, आणि त्यांच्या कडेला भुग्यावर मातीचा पातळ पापुद्रा चढलेला दिसतो. तो बोटाने खरवडला असता तर आत पांढरी वाळवी हलताना दिसली असती. म्हणजे त्या जागेपुरते मालीभैयांचे म्हणणे खरे आहे. वाळवीला कोरडा, जाड आणि निवांत थर हवा असतो. आपल्याकडे भिंतीच्या कोपऱ्यात वाऱ्याने भुगा साचला, तिथे पाणी पोहोचले नाही आणि तो महिनाभर हलवला गेला नाही. या वर्षी तेवढा कोपरा खराट्याने मोकळा ठेवावा, भुगा कुठेही बोटाच्या एका पेरापेक्षा जाड होऊ देऊ नये, आणि झाडांच्या बुंध्यांना तर तो टेकूच देऊ नये. सबंध हिरवळीवर कीटकनाशक टाकण्याचे काहीच कारण नाही.

या निमित्ताने आणखी एक सूचना करतो. उन्हाळ्याच्या अखेरीस अनेक जण हिरवळीवर कच्चे शेण पसरतात, ते टाळावे. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे रात्री कडुनिंबावर जमतात, आणि खाली कच्चे शेण असले की त्यांच्या अळ्यांचे फावते. त्या अळ्या दुबेची मुळे खातात, आणि मग गवत गालिच्यासारखे गुंडाळता येते. शेणखत पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे असावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या बागेत साग, पिंपळ, आसोपालव आणि तीन निलगिरी आहेत. पाला इतका निघतो की हिरवळीत मावणे शक्यच नाही. पूर्वी चौकीदार तो कोपऱ्यात पेटवत असे. आता सगळा कचरागाडीत देतो. याहून चांगला मार्ग आहे का? आणि पानांची राख बागेला चांगली असते, हे खरे का? (सोसायटीचे एक पदाधिकारी, स्कीम नंबर 54, इंदूर)

उत्तर : पेटवणे थांबवलेत हे फार बरे केलेत. राष्ट्रीय हरित अधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणात 5,000 तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवला. राखेत पालाश आणि चुना उरतो, पण नत्र आणि सगळा सेंद्रिय कर्ब धुरात जातो, आणि चुना तर आपल्या मातीत आधीच पुरेसा आहे. म्हणून राखेसाठी पाने जाळू नयेत.

कचरागाडीत देणे हा गुन्हा नाही. इंदूरने कचरा वेगळा करण्याची जी शिस्त अंगी बाणवली तिचा मला मनापासून अभिमान आहे. देवगुराडियाला फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला दररोज 550 टन ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी प्रकल्प हे तिचेच फळ. परंतु वाळका पाला हा स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासारखा नसतो; त्यातील काष्ठमय भागापासून वायू सहज सुटत नाही. शिवाय ज्या मातीने ती पाने वाढवली तिथून ती ट्रकने बाहेर पाठवायची आणि पुढच्या महिन्यात त्याच मातीसाठी खताच्या गोण्या विकत आणायच्या, हा व्यवहार मला कधीच पटला नाही.

इंदूरच्या रहिवाशांनी तर या बाबतीत बाहेर पाहण्याची गरजच नाही. पालापाचोळ्यापासून शास्त्रशुद्ध खत करण्याची जी पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, ती याच शहरात, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे त्या जमिनीवर तयार झाली. होळकर दरबाराने दिलेल्या 300 एकरांवर 1924 साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली, आणि 1931 पर्यंत तिथे ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कापसाच्या संशोधनाबरोबर शेतातील टाकाऊ पाल्याचे, शेणाचे आणि मूत्रमिश्रित मातीचे खत करण्याचे प्रयोग केले. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही ते काम येऊन पाहिले. हॉवर्ड यांचे नाव सर्वतोमुखी झाले. वाडांचे नाव आपल्या मराठी घरांतही फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते. आपल्या प्रश्नाशी तर त्या प्रयोगांतील एका गोष्टीचा थेट संबंध आहे. कापसाच्या आणि तुरीच्या कठीण काड्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतरस्त्यांवर अंथरल्या जात, बैलगाड्यांची चाके आणि जनावरांचे खूर त्यांवरून जाऊन त्यांचा भुसा होई, आणि मगच त्या खड्ड्यात टाकल्या जात. जे काम तेव्हा गाडीच्या चाकाने केले, तेच आज आपण मोवरच्या पात्याने करतो. पान जितके बारीक होते, तितकी ओलीला आणि सूक्ष्म जीवांना शिरायला जागा अधिक मिळते.

तेव्हा आपल्या सोसायटीने असे करावे. आधी निलगिरीची पाने वेगळी ठेवावीत. त्यांतील तेलामुळे आणि इतर द्रव्यांमुळे दुसऱ्या झाडांची वाढ खुंटते, म्हणून ती हिरवळीत घालू नयेत. पायवाटेवर अंथरली तर तिथे तण येत नाही. कुंपणाला कण्हेर असेल तर तिचा पालाही मोवरखाली घालू नये, कारण तो विषारी आहे आणि त्याची धूळ नाकातोंडात जाते. सागाचे पान हातभर लांब आणि खरखरीत असले तरी कडक वाळल्यावर पापडासारखे फुटते. आसोपालवाचे चिवट असते, त्याला तीन फेऱ्या लागतात. पिंपळाचे पान लवकर कुजते, फक्त त्याच्या शिरांची जाळी काही दिवस मागे राहते. ही सगळी पाने हिरवळीवर किंवा फरशीवर पसरून मोवरने कापावीत, हिरवळीला झेपेल तेवढी तिथेच ठेवावीत आणि उरलेल्यांचे खत करावे. माझ्या अंगणात बदामाच्या आठ पोत्यांचा भुगा जेमतेम एका पोत्यात मावतो, त्यामुळे आपल्याला वाटते तितकी जागाही लागणार नाही.

खतासाठी सावलीत दोन फूट खोल खड्डा करावा. त्यात वीतभर भुगा, त्यावर शेणाचा पातळ काला, मूठभर बागेची माती आणि चिमूटभर लाकडाची राख, असे थर खड्डा भरेपर्यंत द्यावेत. प्रत्येक थर भिजवावा, पण इतकाच की मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटींतून पाणी ठिबकू नये. पहिल्या आठवड्यातच आत हात घालवणार नाही इतका ढीग तापतो. तापला नाही तर शेण कमी पडले किंवा पाणी कमी झाले असे समजावे. दोन आठवड्यांनी, मग महिन्याने आणि मग दोन महिन्यांनी, असा तीनदा तो खालीवर करावा. तीन महिन्यांत खत तयार होते. मार्चमध्ये भरलेला खड्डा मृगाच्या सुमारास रिकामा झाला पाहिजे, कारण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीतील खड्डा विहिरीसारखा भरतो. त्या दिवसांत खड्ड्याऐवजी जमिनीवर दोन फूट उंच ढीग घालावा. तयार खत चाळून, जुलैत उघडीप मिळून वाफसा आला की हिरवळीवर अर्धा बोट जाडीने पसरावे.

प्रश्न : बदामाची काही पाने पावसाळ्यातही पडतात. तीही मोवरने कापावीत का? (एक वाचक, महू)

उत्तर : नाही. ओली पाने कापली जात नाहीत, आणि ओल्या काळ्या मातीवर मोवर फिरवला तर चाकांखाली ती दबून घट्ट होते. पावसाळ्यात बदामाची पाने हाताने उचलून ढिगावर टाकावीत. सलग तीन-चार दिवस उघडीप मिळाली, जमिनीवर चालताना माती चपलेला चिकटेनाशी झाली आणि पाने वाळली, तरच यंत्र काढावे. त्या दिवसांत गवत आठवड्याला बोटभर वाढते, म्हणून एका वेळी त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये.

प्रश्न : मोवरच्या पात्याला धार केव्हा लावावी? (एक वाचक, देवास)

उत्तर : कापलेल्या गवताचे एक पाते तोडून उन्हात धरून पाहावे. कड सरळ असेल तर धार ठीक आहे. कड फाटलेली आणि तंतू लोंबणारी दिसली तर पाते बोथट झाले आहे. पानगळीच्या काळात पानांबरोबर माती आणि वाळू कापली जाते, त्यामुळे धार एरवीपेक्षा लवकर जाते. म्हणून एकदा फाल्गुनाच्या आधी आणि एकदा चैत्र संपल्यावर धार लावून घ्यावी. लावून आणल्यावर पाते मधल्या भोकात खिळा घालून लोंबकळत ठेवावे. एक बाजू खाली झुकली तर तेवढी कानस मारून दोन्ही बाजू समतोल कराव्यात, नाही तर यंत्र थरथरते आणि मोटारीचे बेअरिंग जाते.